लाकडी मुद्गल जोडी, दीड वर्ष वापरून (वय ५८, खानावळ, रोजचे पंधरा तास)

आधी सांगते हे कोणासाठी लिहितेय. ज्यांचं वय पन्नाशीपुढं गेलंय आणि काम मात्र कमी व्हायच्या ऐवजी वाढत चाललंय त्यांच्यासाठी. मी कोल्हापुरात राजारामपुरीत खानावळ चालवते, तेवीस वर्षं झाली, पहाटे पावणेपाचला गॅस पेटतो तो रात्री दहाला विझतो, मधे दुपारी तीन ते पाच पाठ टेकायला मिळते तेवढीच. सत्तर डबे बाहेर जातात, पंचवीस-तीस पोरं बसून जेवतात, मदतीला दोघी आहेत पण भाकरी अजून मीच थापते, दिवसाला शंभर-सव्वाशे तरी होतात. तर अशा माणसानं मुद्गल, म्हणजे तालमीत व्यायामाला फिरवतात तो बुडाला जाड लाकडी सोटा, कशाला विकत घ्यायचा असं कोणालाही वाटेल, मला पण वाटलेलं.

अडीच-तीन वर्षांपूर्वी माझी अशी अवस्था होती की संध्याकाळचा स्वयंपाक सुरू करायच्या आधी दहा मिनिटं ओट्याला टेकून उभी राहायची, पायात शिसं भरल्यासारखं व्हायचं, जिना चढताना गुडघ्यावर हात ठेवल्याशिवाय वरची पायरी येत नव्हती, आणि उजवा हात खांद्याच्या वर जाईना, फळीवरचं मोठं पातेलं काढायला पोराला हाक मारावी लागायची. सगळे एकच म्हणायचे, काकी तुम्ही दिवसभर उभ्या असता, इकडून तिकडं करता, तुम्हाला वेगळ्या व्यायामाची काय गरज. मी पण तेच धरून बसलेले. वय झालं, चालायचंच, असं म्हणत एक वर्ष तसंच काढलं, त्या वर्षाचं मला आज वाईट वाटतं.

आमचे सासरे, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, तरुणपणी तालमीत होते. मोठे पैलवान वगैरे नव्हते, पण जत्रेच्या मैदानात कुस्त्या केलेल्या, आणि खासबागेतली कुस्ती बघायला शेवटपर्यंत जायचे. खासबाग मैदान शाहू महाराजांनी १९१२ ला बांधून घेतलं, मधे खोलगट माती आणि चारी बाजूंनी चढत गेलेली बैठक, कुठंही बसा कुस्ती दिसणारच, हे ते दर वेळी नव्यानं सांगितल्यासारखं सांगायचे. श्रीपती खंचनाळे १९५९ ला पहिले हिंदकेसरी झाले तेव्हाच्या गोष्टी तर आमच्या घरात रामायणासारख्या. तर आबांचं एक बोलणं होतं, तालमीत व्यायामाला व्यायाम म्हणत नाहीत, मेहनत म्हणतात. आणि ते म्हणायचे, "सूनबाई, काम येगळं आणि मेहनत येगळी. कामानं माणूस झिजतंय, मेहनतीनं भरतंय." मी तेव्हा हसून सोडून दिलं. माझं सगळं आयुष्य कामात चाललेलं, मला त्यातला फरक काय कळणार.

खांद्यासाठी शेवटी फिजिओथेरपिस्ट मॅडमकडं गेले तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते शब्द सोडले तर अगदी आबांचंच होतं. त्या म्हणाल्या तिशीनंतर दर दहा वर्षांत साधारण ३ ते ८ टक्के स्नायू कमी होत जातात आणि साठीनंतर तो वेग वाढतो, आणि तुम्ही जे दिवसभर करता ते तेच ते काम आहे, वजन तेवढंच, हालचाल तीच, त्यानं शरीर दमतं पण त्याला वाढायचं काही कारण मिळत नाही. स्नायूला सवयीपेक्षा थोडं जास्त ओझं मिळालं, मग विश्रांती मिळाली, आणि खायला मिळालं तरच तो धरतो. भाकरी थापताना खांदा खालीच असतो, तो वर नेऊन फिरवायचा प्रसंगच दिवसात येत नाही, मग एक दिवस वर न्यायला गेलं की जात नाही.

त्यांनी एक साधी टेस्ट घेतली, ती घरी कोणीही करून बघा. सरळ पाठीची खुर्ची भिंतीला लावायची, हात छातीवर घडी घालून ठेवायचे आणि तीस सेकंदात किती वेळा पूर्ण उठून बसता येतं ते मोजायचं. साठ ते चौसष्ट वयाच्या बाईचं १२ च्या खाली आलं किंवा पुरुषाचं १४ च्या खाली आलं तर पायात ताकद कमी पडतेय असं धरतात. मी तेव्हा छप्पन्न वर्षांची होते आणि माझे ९ झाले. नऊ! दिवसभर उभी राहणारी बाई मी. घरी येताना रिक्षात मला रडू आलं होतं, खोटं कशाला सांगू.

मॅडमनी आधी दीड महिना फक्त रबराच्या पट्टीचे व्यायाम दिले, हात खांद्याच्या खालीच ठेवून, आणि रक्त तपासायला लावलं. हे मी मुद्दाम सांगतेय, कारण थकवा आला की लोक थेट टॉनिक घेतात. हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर, व्हिटॅमिन बी १२ आणि डी हे सगळं आधी बघून घ्या. माझं डी कमी निघालं, डॉक्टरनी औषध दिलं. ज्यांना शुगर आहे त्यांना खांदा आखडायचा त्रास जास्त होतो असंही कळलं, आमच्या नणंदेला तसंच झालेलं आणि तिनं ते वर्षभर अंगावर काढलं.

खांदा मोकळा झाल्यावर मॅडम म्हणाल्या आता हलकं वजन घ्या, डंबेल घ्या किंवा काहीही. तेव्हा मला माळ्यावरची आबांची जोडी आठवली. पोराकडनं काढून घेतली, धूळ पुसली, एक उचलायला गेले तर जमिनीवरनं हलेना. खानावळीच्या काट्यावर ठेवला तर एक मुद्गल साडेअकरा किलो. आबा असले दोन दोन्ही हातात घेऊन शंभर फेऱ्या मारायचे हे मी डोळ्यांनी बघितलंय, पण त्याचं वजन मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

मग पहिली चूक केली, ऑनलाइन मागवली. फोटोत झकास दिसत होती, चकचकीत पॉलिश, लाल पट्टे, वजन चार-चार किलो लिहिलेलं. आली ती काट्यावर एक तीन किलो दोनशे आणि दुसरी तीन किलो साडेचारशे, म्हणजे जोडीतच अडीचशे ग्रॅमचा फरक, आणि मूठ इतकी जाड की माझी बोटं अंगठ्याला टेकेनात, वर त्या पॉलिशवरनं घामानं हात सटकायला लागला. मुद्गल हातातून सटकला तर तो पायावर नाहीतर डोक्याच्या मागं पडतो, ही गंमत नाही. परत पाठवली. पैसे आले, पण पंधरा दिवस गेले.

शेवटी आमच्या ह्यांच्या ओळखीतून गंगावेशीच्या बाजूला एक कातारी, म्हणजे लाकूड कातणारे कारागीर, सापडले. दुकान म्हणजे एक खण, बाहेर पाटी नाही, त्यामुळं नाव विचारू नका, नाव मलाच माहीत नाही, सगळे कातारी मामा म्हणतात. पाळण्याचे खांब, पोळपाट-लाटणी, बाजेचे पाय असलं काम चालतं, जोडी कोणी सांगितली तरच करतात. मी सांगितलं मला स्वतःसाठी पाहिजे तर त्यांनी एकदा माझ्याकडं बघितलं आणि नुसतं विचारलं, "वैनी, खांदं दुखतंय का कंबर?" बाईला कशाला असं काही नाही. मग एक सुतळी घेतली, माझ्या मुठीत धरायला लावली, आणि तिथंच गाठ मारली, म्हणाले मूठ ह्या मापाची.

लाकडाबद्दल त्यांनी जे सांगितलं ते असं. आंबा घेऊ नका, हलका आणि किडतो. बाभूळ जड आणि चिवट, कमी जाडीत वजन बसतं, पण नीट वाळलेली पाहिजे नाहीतर तडकते. साग मधला, वजनाला जरा कमी म्हणून मुद्गल थोडा जाडजूड होतो पण वर्षानुवर्षं आकार सोडत नाही. सुरुवातीला साग करा म्हणाले, दोन किलोचा एक. मी म्हटलं दोनच किलो? मी वीस किलो पिठाचं पोतं ओढते. ते म्हणाले पोतं ओढणं येगळं आणि ह्यो फिरवणं येगळं, आधी न्या तर खरं.

खरंच येगळं आहे. डंबेलचं वजन मुठीच्या दोन्ही बाजूला असतं, मुद्गलाचं सगळं वजन मुठीपासून लांब, खालच्या पोटात असतं, त्यामुळं दोन किलोचा मुद्गल पाठीमागून फिरवून पुढं आणताना मनगटाला, कोपराच्या खालच्या भागाला आणि खांद्याच्या मागच्या बाजूला जो ताण येतो तो दोन किलोच्या डंबेलनं येतच नाही. पहिल्या दिवशी एका हाताच्या आठ फेऱ्या झाल्या आणि बास. दुसऱ्या दिवशी पाठीत खांद्याच्या फऱ्यांच्या मधे असं दुखलं की मला तिथं स्नायू आहेत हे तेव्हा समजलं.

जोडी तयार व्हायला बारा दिवस लागले, चौदाशे रुपये झाले. काट्यावर एक दोन किलो चाळीस ग्रॅम आणि एक दोन किलो साठ. हातानं केलेल्या कामात वीस ग्रॅमचा फरक म्हणजे काहीच नाही. बूड सपाट, जमिनीवर नीट उभी राहते, गडगडत नाही. मुठीच्या टोकाला लाकडाचा गोळा व्यवस्थित मोठा ठेवलाय त्यामुळं हात घामेजला तरी निसटत नाही. मुठीला पॉलिश अजिबात नाही, नुसतं घासलेलं लाकूड आणि जवसाचं तेल.

फिरवायचं कसं ते तालमीतल्या एका जुन्या माणसानं शिकवलं, आबांच्या वेळचे, वय ऐंशीच्या आसपास, अजून ताठ चालतात. तालमीच्या मातीत बायकांना जुन्या काळी पाय ठेवू देत नव्हते, आता आमच्या जिल्ह्यातल्या पोरी कुस्ती खेळतात हे बघून बरं वाटतं, तरी मी आपली त्यांना घरी गच्चीवरच बोलावलं. त्यांनी पहिला आठवडा मुद्गल हातात दिलाच नाही, लाटणं दिलं. लाटणं घेऊन फेरी शिकायची. मुद्गल छातीसमोर उभा, कोपर अंगाजवळ, मग कोपर वर उचलत मुद्गल डोक्याच्या बाजूनं पाठीमागं सोडायचा, तो स्वतःच्या वजनानं पाठीवरनं झुलतो, त्या झोक्यातच दुसऱ्या खांद्यावरनं पुढं आणायचा. ओढायचा नाही, झोक्यानं आणायचा. पोट आत, कंबर वाकवायची नाही, मान पुढं काढायची नाही, श्वास रोखायचा नाही. आणि घरात पंख्याखाली तर मुळीच नाही.

माझं आता जे चालतं ते सांगते. आठवड्यातून चार दिवस, पहाटे नाही, पहाटे मला वेळच नाही. दुपारी पाठ टेकून झाल्यावर पाचला गच्चीवर जाते, वीस मिनिटं. आधी हात नुसते फिरवायचे, मग खुर्चीवरून उठबस पंधराचे तीन, मग मुद्गल प्रत्येक हाताच्या वीस फेऱ्या असे तीन वेळा, शेवटी भिंतीला हात लावून जोर, आबांसारखे जमिनीवरचे नाहीत, भिंतीवरचेच. मधे एक दिवस सुट्टी घेतेच. पहिल्यांदा जोशात मी सलग नऊ दिवस केलं आणि कोपर दुखायला लागलं, आठवडाभर थांबावं लागलं. या वयात शरीर भरतं ते विश्रांतीच्या दिवशी, ही गोष्ट मनाला पटवायला मला सगळ्यात जड गेली कारण आमच्या धंद्यात सुट्टी म्हणजे नुकसान.

पाच महिन्यांनी खुर्चीची टेस्ट परत केली, १४ आले. आता १७ येतात. जिन्याला गुडघ्यावर हात लागत नाही. पातेलं माझं मी काढते. पण मला सगळ्यात मोठा फरक जाणवला तो संध्याकाळी सहाला. जी वेळ आधी अंगावर यायची ती आता येत नाही. वीस मिनिटं अंग मोडून घेतल्यावर माणूस आणखी दमेल असं वाटतं, मला तरी उलटं झालं, रात्रीचा स्वयंपाक ताज्या अंगानं होतो. कारण साधं आहे, पातेलं दहा किलोचं असेल आणि तुमची सगळी ताकद बारा किलोची असेल तर प्रत्येक उचलणं जीव काढतं, ताकद वीसची झाली की तेच पातेलं हलकं लागतं आणि दिवसभरात असली दोनशे उचलणी असतात.

उशीर झालाय असं कोणाला वाटत असेल तर मॅडमनी सांगितलेली एक गोष्ट सांगते. अमेरिकेत १९९० साली एक अभ्यास छापून आला होता, वृद्धाश्रमातले नव्वदीच्या आसपासचे दहा जण, त्यांना आठ आठवडे पायाचा वजनाचा व्यायाम दिला, देखरेखीखाली, तर पायाची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. नव्वदीत! जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या सूचनांत पण आहे की मोठ्या माणसांनी आठवड्यातून निदान दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम करावा, नुसतं चालणं धरू नका, आणि पासष्टीपुढच्यांनी तोल सांभाळायचे व्यायाम तीन दिवस. आपल्याकडं रंकाळ्यावर सकाळी केवढी माणसं चालतात, चांगलंच आहे, हृदयाला पाहिजेच, पण त्यातल्या किती जणांना खाली मांडी घालून बसल्यावर हात न टेकता उठता येतं?

आणि हा प्रकार बाहेरचा नाही, आपला आहे. आपल्याकडचे मुद्गल इंग्रज सैन्यानं बघितले आणि एकोणिसाव्या शतकात तिकडं नेले, इंडियन क्लब म्हणून, हलके करून, आणि १९०४ आणि १९३२ च्या ऑलिम्पिकमध्ये ते फिरवायची स्पर्धा सुद्धा होती. आमच्या माळ्यावर धूळ खात पडलेली वस्तू ऑलिम्पिकपर्यंत जाऊन आलेली हे मला सत्तावन्नाव्या वर्षी समजलं.

आता खाण्याचं, कारण तालमीत मेहनत म्हटलं की पाठोपाठ खुराक येतोच, आणि खानावळवाली असून माझाच खुराक सगळ्यात वाईट होता. सगळ्यांना वाढून झाल्यावर दीड-दोनला जे उरेल ते, भात आणि आमटीचं वरचं पाणी, एखादी चपाती, आणि दिवसाला सहा-सात कप गोड चहा. मॅडमनी दिवसाचं लिहून आणायला सांगितलं, हिशेब केला तर प्रथिनं जेमतेम पस्तीस ग्रॅम. माझं वजन बासष्ट किलो. आपल्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या हिशेबानं किलोमागं ०.८३ ग्रॅम म्हणजे एक्कावन्न-बावन्न ग्रॅम तरी पाहिजे, आणि उतारवयात ताकद टिकवायची तर किलोमागं एक ते एक पूर्णांक दोन ग्रॅम घ्या असं बरेच तज्ज्ञ सांगतात, म्हणजे माझ्यासाठी बासष्ट ते चौऱ्याहत्तर. किडनीचा त्रास असेल तर मात्र डॉक्टरला विचारल्याशिवाय वाढवायचं नाही.

डब्यातली पावडर मी घेतली नाही, बाराशे-पंधराशे रुपये डब्याला घालवायची गरज वाटली नाही. सकाळी दोन उकडलेली अंडी, बारा ग्रॅम तिथंच झाले. दुपारी आधी माझं ताट वाढून बाजूला ठेवायचं, मग वाढायला लागायचं, हा नियम केला, आणि ताटात मोड आलेल्या मटकीची घट्ट उसळ, वाटीभर दही, ज्वारीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. रात्री म्हशीचं दूध एक मोठा पेला, त्यात नऊ-दहा ग्रॅम मिळतात. दूध कट्ट्यावरचं धारोष्ण दूध आमच्या आबांनी आयुष्यभर पिलं, गंगावेशीत म्हैस समोर उभी करून धार काढून देतात तो थाट मला पण आवडतो, पण मी ते घरी आणून उकळूनच पिते, कच्च्या दुधातनं आजार येऊ शकतात आणि या वयात ती जोखीम नको.

आणि एक गोष्ट सांगते, कोल्हापूरकरांनी राग धरू नये. पांढरा रस्सा चार वाट्या पिला की ताकद येते असं आपल्याकडं सगळे म्हणतात. मी आठवड्यातून दोनदा करते, मटणाचं आळणी पाणी, नारळाचं दूध, काजू, खसखस, तीळ, चव स्वर्गाची आहे, पण ताकद धरायचं प्रथिन रश्श्यात थोडंच उतरतं, ते मटणाच्या फोडींत राहतं. आमच्याकडं काय होतं, फोडी पोरांच्या आणि पुरुषांच्या ताटात आणि बाईच्या वाटीत रस्सा. बुधवारी आता माझ्या ताटात पण मोजून चार फोडी असतात. घरच्या बायकांनी हे एवढं जरी सुरू केलं तरी लई झालं.

परत मुद्गलाकडं येते. एक तक्रार आहे ती पण लिहिते. नऊ महिन्यांनी दोन किलोची जोडी हलकी पडायला लागली म्हणून कातारी मामांकडनंच बाभळीची तीन किलोची करून घेतली, एकोणीसशे रुपये. ती एप्रिलमध्ये उन्हात गच्चीवर राहिली आणि एका मुद्गलाला पोटापासून मुठीपर्यंत उभी चीर गेली. चूक अर्धी माझी, उन्हात ठेवायला नको होतं, पण लाकूड पण पुरतं वाळलेलं नव्हतं. घेऊन गेले तर मामांनी बोट फिरवून बघितलं आणि म्हणाले, "ह्ये माझ्याकडनं झालंय, गडबड केली." नवीन करून दिला, पैसे घेतले नाहीत, पण महिना लावला, आणि नवा आला तो जुन्यापेक्षा शंभर-एक ग्रॅम जड, त्यामुळं जोडी आता जुळत नाही, मी दर फेरीला हात बदलून घेते. फोन ते उचलत नाहीत, जाऊनच यावं लागतं. घाई असेल त्यानं तिथं जाऊ नये.

निगा अशी. महिन्यातनं एकदा जवसाचं तेल कापडानं चोळायचं, पावसाळ्यात पंधरा दिवसांनी, आणि फरशीवर सरळ ठेवायची नाही, खाली फळी टाकायची, आपल्याकडचा जुलै-ऑगस्ट तुम्हाला माहितीच आहे, भिंतीला ओल येते तर लाकडाचं काय. वापरायच्या आधी दर वेळी मुठीपाशी चीर आहे का बघून घ्यायचं.

कोणी घेऊ नये तेही सांगते. खांदा सध्या दुखतोय, हात वर जात नाही, मानेचा त्रास आहे, चक्कर येते, बीपी आटोक्यात नाही, यातलं काही असेल तर आधी दाखवून या. माझ्या शेजारच्या वहिनींनी माझं बघून थेट माझा तीन किलोचा उचलला आणि मनगट धरून बसल्या, तीन आठवडे. एक किलो, दीड किलोनं सुरू करायला लाज वाटू देऊ नका. आणि पायाची ताकद मुद्गलानं येत नाही, ती खुर्चीच्या उठबशीनं येते, नुसती जोडी फिरवून जिना सोपा होईल असं नाही.

तासन्‌तास उभं राहण्याचा जो त्रास आहे, पोटऱ्या जड होणं, शिरा फुगणं, त्याला पण मुद्गल कामाचा नाही. त्यासाठी मी ओट्यासमोर जाड रबराची मॅट टाकली, एक पाय अधूनमधून पाटावर ठेवते आणि तासाला एकदा टाचा वर-खाली वीस वेळा करते, भाकरी थापता थापताच. त्यानं फरक पडला.

गुण द्यायचे तर सागाच्या दोन किलोच्या जोडीला पाचपैकी पाच, बाभळीच्या तीन किलोच्या जोडीला साडेतीन, आणि कातारी मामांच्या हाताला पाच, वेळेला दोन. दोन्ही जोड्या मिळून तेहतीसशे रुपयांत दीड वर्ष झालं, वीज लागत नाही, महिन्याची फी नाही, कुठं जायला लागत नाही.

आमच्या थोरल्या जाऊबाई इचलकरंजीला असतात, वय चौसष्ट, अजून शिवणयंत्रावर दिवसाला आठ-नऊ तास बसतात, गेल्या महिन्यात आल्या होत्या तेव्हा मान आणि खांदे धरूनच बसलेल्या. फिजिओकडं त्यांना नेऊन आणलंय, दीड महिन्याचे पट्टीचे व्यायाम चालू आहेत, खुर्चीच्या टेस्टला १० आले. त्यांच्यासाठी सागाची दीड किलोची जोडी सांगायची आहे. त्यांच्या मुठीचं माप घेऊन सुतळीला गाठ मारून ठेवलीय, पर्समध्येच आहे, या सोमवारी गंगावेशीला जाईन तेव्हा देऊन येईन.